डावी डिस्क, उजवी डिस्क

१२ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. शिवाय तूच म्हणाला होतास की आयुष्यभर कंपनीच्या कॉम्प्युटर खोलीत पडद्याकडे बघून डोळे शिणले, आता ज्याला जे सांगायचंय त्याने कागदावर सांगा. तर घे.

आमच्या समोरच्या चष्मेवाल्याचा कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच झाला नाही. सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यात. बिचारा अजून एकेकाला बोलावून पुन्हा डोळे तपासतोय. चष्म्याचा नंबर निदान पुन्हा काढता तरी येतो. आमचं काय?

तुला माहीत आहे, आमच्याकडे येतात ते आखूड, वाकडे, सुजणारे पाय. त्यांचं माप एकदा घेऊन भागत नाही. पहिला जोड कुठेतरी टोचतो, दुसरा कमी टोचतो, तिसऱ्या-चौथ्याला माणूस म्हणतो की हां, आता बूट घातलाय हे विसरायला होतं. दादा, म्हणजे तुझे दाजी, प्रत्येक वेळी टिपून ठेवायचे. टाचेखाली आणखी एक पातळ थर, करंगळीपाशी चामडं मऊ, असं. ती सगळी कार्डं आम्ही स्कॅन केली आणि दादांनीच हौसेने रद्दीत घातली, म्हणाले अर्धी खोली मोकळी झाली. आता दादा नाहीत. त्यांची सगळी टिपणं त्या एका कॉम्प्युटरात आहेत. तो गेला तर दुकान कसलं चालवायचं रे? नुसते बूट काय, कुठेही मिळतात.

म्हणून एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. टाय, गुळगुळीत कागदाची फाईल. म्हणाला, दुसऱ्या शहरात तुमचा हुबेहूब दुसरा कॉम्प्युटर सतत चालू ठेवू, इथला बंद पडला की पापणी लवायच्या आत तिथला सुरू. मग त्याने खर्च दाखवला. तो वाचून मी त्याला आणखी एक चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तू तिकडे हेच काम करायचास ना? आमच्यासारख्यांना परवडेल असं काही असतं का?

तुझी भाची


२३ जानेवारी

खारूताई,

लहानपणी दाजींच्या दुकानात येऊन चामड्याचे तुकडे फ्रॉकच्या खिशात साठवायचीस, ती तू. आणि आता सगळा साठा एका खिशात ठेवून बसलीस? कान पिळायला हवेत, पण अंतर फार आहे.

टायवाल्याला नमस्कार सांग आणि जाऊ दे. तो खोटं बोलत नाहीये. आमच्या कंपनीत मी तेच सांभाळायचो, कारण तिथलं काम थोडा वेळ थांबलं तरी माणसं विमानतळावर अडकायची. तुझं दुकान दोन दिवस बंद राहिलं तर काय होईल? काही नाही. लोक म्हणतील पाहुणे आले असतील. पापणी लवायच्या आत परत उभं राहण्याचे पैसे तू कशाला देतेस? तुला आठवड्याभरात परत उभं राहायचंय. त्याला फार खर्च येत नाही, नुसती शिस्त लागते. आणि तीच आपल्या घराण्यात कमी.

आधी बसून ठरव की काय गेलं तर दुकान मरेल आणि काय गेलं तर नुसता वैताग होईल. मापं आणि टिपणं पहिल्या नंबरावर. चालू ऑर्डरी त्यानंतर. हिशेब तुझ्या हिशेबनिसाकडेही असतात, ते शेवटी. मग बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घे. चांगल्या घे, पण मोठ्या कशाला, तुझे फोटो नाही ठेवायचे त्यात. दर आठवड्याला एकीवर सगळ्याची प्रत काढायची आणि ती तुझ्या घरी न्यायची, घरची दुकानात आणायची. एक कायम दुकानाबाहेर. आग लागो, चोर येवो, छप्पर पडो, दुसरी वाचली पाहिजे.

तुमच्याकडच्या लोकांच्या लक्षात राहावं म्हणून त्यांच्यावर 'डावी' आणि 'उजवी' अशा चिठ्ठ्या चिकटव. बघ, निवृत्त झालो तरी डोकं चालतं.

आणखी एक जुनापाना कॉम्प्युटर कुठेतरी मिळव. चालतो एवढंच बघ. कशाला ते पुढच्या पत्रात.

मी मजेत. हल्ली फारसा बाहेर पडत नाही, पुस्तकं साठली आहेत. हे पत्र शेजारीणबाई टाकतील.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र फर्मेकाकांना वाचून दाखवलं. तुला आठवत असतील, आमचे जुने कारागीर, पायाचे लाकडी साचे, फर्मे, तासतात. ते 'आपल्या घराण्यात शिस्त कमी' या वाक्याला मान डोलावत होते. तुला साथ द्यायला असेच लोक मिळतात.

डिस्क आणल्या. चिठ्ठ्या चिकटवल्या. डावी माझ्या घरी कपाटात, उजवी दुकानात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. सोपं आहे रे हे. मी उगाच घाबरले होते.

कॉम्प्युटरही मिळाला. आमच्या वन्संकडे. म्हणजे ह्यांची मोठी बहीण, मागच्या गल्लीत राहते. तिच्या घरी काय मिळत नाही ते विचार. रिकामे डबे, सुतळीची बंडलं, बंद पडलेली तीन घड्याळं. मी आजवर तिच्या त्या माळ्यावरून किती बोलले असेन, आणि आज तिथूनच मुलाचा जुना कॉम्प्युटर धूळ झटकून काढून दिला. वर म्हणते कशी, बघ, लागलं ना. आता वर्षभर ऐकावं लागणार.

पण तू बाहेर पडत नाहीस हे काय? आळशी झालास की काय? तू तर सकाळचा फेरफटका चुकवायचा नाहीस. पुस्तकं पळून जात नाहीत. जरा पाय मोकळे करत जा.

तुझी खारूताई


४ एप्रिल

खारूताई,

पत्र उशिरा, रागावू नकोस. थंडीत गुडघा धरला होता.

सोपं आहे म्हणालीस तिथेच मी चष्मा काढून ठेवला. प्रत काढणं सोपं असतंच. ती परत उघडता येते का, हे कोण बघणार? आमच्याकडे एकदा साहेबलोकांना दाखवायला कपाटभर प्रती होत्या, रांगेत, लेबलं लावून. उघडायची वेळ आली तेव्हा अर्ध्या कोऱ्या. तेव्हापासून मी एकच धरून बसलोय की वापरून बघितल्याशिवाय प्रत म्हणायचं नाही.

तर आता तालीम. दुकानातला कॉम्प्युटर जळाला असं समज. त्याला हातसुद्धा लावायचा नाही. एक डिस्क उचल, वन्संच्या घरी जा, त्या जुन्या मशीनवर सगळं उतरव, एका गिऱ्हाइकाचं माप छापून काढ आणि त्यावरून फर्मेकाकांना काम करता येतं का बघ. नुसतं पडद्यावर दिसलं म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. बूट पायात जाईपर्यंत माप खरं की खोटं हे कळत नसतं, हे तुझ्या वडिलांचंच म्हणणं.

दाजी आज असते तर त्यांनी ही तालीम हसत हसत केली असती, आणि मला एक टोमणाही मारला असता. त्यांची आठवण येते फार.

करशील ना? कळव.

मामा


२८ मे

मामा,

केली बाबा एकदाची तालीम. आणि तू हसशील म्हणून सांगायचं नव्हतं, पण सांगते.

पहिल्या दिवशी डिस्क घेऊन दिमाखात वन्संकडे गेले आणि मशीन ते उघडेचना. मापं ज्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो तो प्रोग्रॅमच त्या मशीनवर नाही. तो बसवायचा तर त्याचा परवाना क्रमांक हवा, आणि तो क्रमांक कुठे लिहून ठेवलाय? दुकानातल्या कॉम्प्युटरात. जो जळालाय. मी तिथे खुर्चीत बसले आणि वन्संनी चहा पुढे केला. तेवढं एक बरं केलं.

मग क्रमांक शोधून कागदावर लिहिला, प्रोग्रॅम बसवला, सगळं उतरवलं. दुसऱ्या दिवशी एक माप छापलं. शाळेसमोर हात दाखवून मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई आहेत, दिवसभर उभ्या असतात, त्यांचं. फर्मेकाकांनी त्यावरून फर्मा तासला, बाईंनी जोड घातला आणि म्हणाल्या, नेहमीसारखाच आहे. मला एवढं बरं वाटलं की मी त्यांना मिठीच मारणार होते.

परवाना क्रमांक, दुरुस्तीवाल्याचा फोन, काय आधी करायचं काय नंतर, असा एक कागद आता माझ्या पर्समध्ये आणि एक वन्संच्या फ्रीजवर आहे. तालीम संपल्यावर वन्संना म्हटलं, झालं काम, आता ते सगळं पुसून टाका, तुम्हाला मशीन वापरायला मोकळं. तुझे लाख आभार मामा. आता शांत झोपते.

तुझी खारूताई

ता. क. फेरफटका सुरू केलास का?


१४ जून

खारूताई,

शाबास. परवाना क्रमांकाचा तो खड्डा तालमीत सापडला, खऱ्या वेळी सापडला असता तर काय झालं असतं? हसलो नाही. थोडा हसलो.

फेरफटक्याचं म्हणशील तर उन्हं फार आहेत. बघू पुढे. शेजारीणबाई आता माझी पत्रंच काय, भाजीही आणतात, त्यांना मी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. व्यवहार दोघांना परवडतो.

मामा


११ सप्टेंबर

मामा,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. वाईट बातमी आहे. माणसं सगळी ठीक आहेत, आधी ते सांगते.

वर्षाकाठची सुट्टी म्हणून दुकान चार दिवस बंद होतं. वर कपडे धुण्याचं दुकान आहे, त्यांच्याकडचा मोठा पाइप फुटला. तेही सुट्टीवर. पाणी किती वेळ वाहत होतं कोण जाणे. आज सकाळी कुलूप उघडलं तर छत खाली आलेलं, आणि दुकानभर साबणाच्या वासाचं घोट्यापर्यंत पाणी. कॉम्प्युटरवर छताचा तुकडाच पडलाय. चामडं फुगलंय. फर्मे तरंगत होते रे. फर्मेकाका पाण्यात उभे राहून एकेक उचलत होते.

तरीही माझं डोकं थंड होतं. मनात म्हटलं, दुसरी डिस्क घरी आहे. धावत घरी गेले. कपाटात डिस्क नाही.

परत आले, काकांना विचारलं. त्यांनी खालच्या फळीवरचं एक बुटाचं खोकं काढलं. लगदा झाला होता. आत डावी आणि उजवी, दोन्ही, नाडीने एकत्र बांधलेल्या. दोन्हीतून पाणी टपकत होतं.

मग आठवलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी घरची डिस्क अदलाबदलीसाठी आणली होती, तेवढ्यात ह्यांचा फोन आला, मी गडबडीत निघाले, जाताना म्हणाले, काका, त्या डिस्कचं बघा. आणि काकांनी बघितलं. तुला आमच्या दुकानाचा नियम ठाऊक आहे. बंद करताना बाकावर एकटा बूट दिसला तर त्याचा जोडीदार शोधायचा, नाडीने बांधायचं, खोक्यात ठेवायचं. दादांनी आयुष्यभर तेच शिकवलं. एकटा बूट ठेवून कुलूप लावलं तर दादा जेवायचे नाहीत. काकांना बाकावर उजवी दिसली, त्यांनी डावी शोधली, जोड बांधला.

दुरुस्तीवाला डिस्क घेऊन गेला. म्हणतो, एक जागा आहे जिथे प्रयत्न करतात, खर्च प्रचंड, खात्री काही नाही. दादांची सगळी टिपणं गेली मामा. छत, चामडं, यंत्रं, सगळं परत येईल. दादा त्यातच होते ना. काकांना एक शब्द बोलले नाही, पण त्यांच्याकडे बघवतही नाही.

तुझी भाची


१२ सप्टेंबर

खारूताई,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हे पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून शेजारीणबाईंच्या मोबाईलवरून एका ओळीचा निरोप पाठवायला सांगितलाय, तोवर तो मिळाला असेल. तोच इथे पुन्हा लिहितो.

तालमीचं मशीन कुठे आहे? वन्संनी पुसलं का?

पुसलं असेल तरी आता त्याला कोणी हात लावू नका, सुरूही करू नका. पुसलेलंही पुष्कळदा परत काढता येतं, वर दुसरं काही लिहिलं नसेल तर. नसेल पुसलं तर सगळ्यात आधी त्याच्या दोन प्रती काढ, मग आनंद कर.

आणि काकांशी बोल. आजच.

मामा


१७ सप्टेंबर

मामा, माझ्या मामा,

पुसलं नव्हतं.

तुझा निरोप आला तेव्हा मी दुकानात बादलीने पाणी उपसत होते. मोबाईलवर वाचला आणि बादली तिथेच टाकून मागच्या गल्लीत पळाले. पायात रबरी बूट, केस विस्कटलेले, रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती. वाटेत सारखं आठवत होतं की मीच सांगितलं होतं पुसा म्हणून. माझ्याच तोंडाने. वन्सं दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. मला धाप लागली होती, नुसतं म्हटलं, वन्सं, ते मशीन. तुम्ही ते पुसलंत का?

मी वेडी असल्यासारखं त्या माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "पुसायचं कशाला? कोपऱ्यात पडलंय, खायला मागतंय का काही?"

मी उंबऱ्यावर बसले आणि रडले. मोठ्याने, लहान मुलासारखं. वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांच्या माळ्याला, सुतळीला, त्या बंद घड्याळांना हसले, आणि बाईने माझे वडील सांभाळून ठेवले होते. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शेंगा बाजूला सारल्या. फ्रीजवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, आता यात काय लिहिलंय ते कर.

मशीन सुरू केलं. मे महिन्यापर्यंतचं सगळं आहे. एकेक उघडून बघितलं. दादांचं अक्षर, ते तिरकं, घाईचं. तू म्हणालास तसं आधी दोन प्रती काढल्या. एक वन्संकडे, एक चष्मेवाल्याकडे. त्यानेही आपली प्रत आमच्याकडे ठेवायचं ठरवलंय.

मेनंतरची मापं गेली. पण ऐक ना. दाराला चिठ्ठी लावली की ज्यांनी जूनपासून बूट घेतले त्यांनी यावं. आणि लोक आले मामा. कोणी तक्रार केली नाही. बाहेर फुटपाथवर खुर्च्या मांडल्या, सगळे मोजे घालून बसले होते, आपापले नवे बूट हातात घेऊन, म्हणजे काकांना त्यावरून मापं घेता येतील. रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई सगळ्यांना चहा देत होत्या. दुकान वन्संच्या पुढच्या खोलीत सुरू केलंय. आठवडाही लागला नाही.

काकांशी बोलायचं राहिलं आहे. ते कामावर येतात, मान खाली घालून फर्मे वाळवतात. मी काय बोलू, तू सांग.

तुझे उपकार कसे फेडू? तालीम कर म्हणून तू मागे लागला नसतास तर आज दुकानाला कुलूप होतं.

तुझी खारूताई


२६ सप्टेंबर

खारूताई,

पत्र दोनदा वाचलं. शेजारीणबाईंनाही वाचून दाखवलं, त्या डोळे पुसत होत्या आणि मला म्हणाल्या कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता.

उपकार वगैरे शब्द माझ्यापुढे काढू नकोस. वन्संपुढे काढ. त्यांच्यासारखी बाई आमच्या कंपनीत असती तर माझे निम्मे केस काळे राहिले असते.

आता काकांचं. त्यांना बसव आणि हे वाचून दाखव. काका, चूक तुमची नाही, माझी आहे. आयुष्यभर जोड जपणाऱ्या माणसाच्या हातात मी दोन वस्तू दिल्या आणि त्यांना डावी-उजवी नावं ठेवली. स्वतःवर खूश होऊन ठेवली. आणि वर अपेक्षा की तुम्ही त्या वेगळ्या ठेवाल. तुम्ही नसता बांधल्या तर मला नवल वाटलं असतं. माफ करा.

थोडी चूक तुझीही, खारूताई. एक डिस्क बाहेरच का राहिली पाहिजे, हे तू काकांना कधी सांगितलंस का? सगळी योजना एकटीच्या डोक्यात ठेवलीस. तू तापाने फणफणून पडलीस तर कोण करणार होतं? पुढच्या तालमीला काका डिस्क उचलतील, वन्सं मशीन लावतील आणि तू नुसती हात बांधून बघशील. तोंडही उघडायचं नाही.

आणि डिस्कना नवी नावं दे. एकमेकींशी काही नातं नसलेली.

मामा


९ ऑक्टोबर

मामा,

वाचून दाखवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "तुझा मामा मोठ्या मनाचा आहे." आणि लगेच विचारलं, त्याने शेवटचा जोड कधी नेला?

मी म्हटलं, माहीत नाही, बघते. परत आलेल्या मापांची खात्री करायची होतीच, तर पहिलं तुझंच उघडलं. मामा, तुझा शेवटचा जोड दादांच्या हातचा आहे. दादा जायच्या आधीचा.

काका म्हणाले, "दादा त्याला न विचारता पाठवायचे. तो मागणारा माणूस नाही. डाव्या पायाचा थर दबला की त्याला चालता येत नाही, घरात बसतो आणि सांगतो ऊन आहे."

मी तुझी सगळी पत्रं काढली. जानेवारीत पुस्तकं. एप्रिलमध्ये गुडघा. जूनमध्ये उन्हं. पत्रं टाकायला शेजारीण, भाजी आणायला शेजारीण. आणि मी तुला आळशी म्हणाले. पाय मोकळे कर म्हणाले. तुझ्या ज्या पायाचं माप माझ्या दुकानात आहे, त्याच पायाला.

तू माझं सगळं वाचवत होतास आणि मला एकदाही म्हणाला नाहीस की खारूताई, बूट झिजलेत.

सोबत पार्सल आहे. नव्या दुकानातला पहिला जोड. वन्संकडून परत आलेल्या मापावरून, दादांच्या टिपणाप्रमाणे, डाव्या टाचेखाली तितकेच थर. काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. नाड्या बांधून पाठवलाय, हे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं.

वापरून बघितल्याशिवाय प्रत म्हणायचं नाही, असं तूच सांगतोस. तर बघ. आणि खरं कळव, माझं मन राखायला काही लिहू नकोस.

डिस्कना नावं दिली. एक 'वन्सं', एक 'चष्मा'.

तुझी खारूताई


२० ऑक्टोबर

खारूताई,

पार्सल आलं. खोकं उघडून तसंच मांडीवर घेऊन बसलो होतो बराच वेळ. चामड्याच्या वासाने ताईचं घर आठवलं, मागच्या खोलीत दाजी गुडघ्यावर बसून माझा पाय हातात धरून म्हणायचे, बोल, कुठे टोचतंय? लहानपणापासून आखूड पायाला सगळे जपून बोलायचे. दाजी एकटे सरळ विचारायचे.

बोललो नाही, खरं आहे. दुकान तुझ्या हाती नवं, दुःख ताजं, त्यात आपला कशाला भार, असं वाटलं. मग तुझ्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा तर काय बोलणार. तुला शिकवत बसलो की काय जपायचं ते लिहून ठेव, दुसऱ्याला सांगून ठेव, आणि स्वतःचं कुणाला सांगितलं नाही. तू विचारलंस म्हणून नाही, काकांनी ओळखलं म्हणून सापडलो.

खरं कळव म्हणालीस ना. डाव्या अंगठ्याला किंचित टोचतं. दोष मापाचा नाही, बोट म्हातारं होऊन वाकलंय. काकांना टिपून ठेवायला सांग, आणि टिपण 'वन्सं'वरही जाऊ दे, 'चष्म्या'वरही. बाकी टाच, थर, घोटा, सगळं जसंच्या तसं. बूट घातलाय हे विसरायला झालं. तेव्हा लेखी देतो की प्रत खरी आहे. दाजी आहेत तिथे, पूर्ण.

तुम्हा तिघांना, काकांना, वन्संना आणि तुला, किती आणि काय म्हणू? हे पत्र शेजारीणबाईंनी मागितलं होतं, त्या तिकडेच निघाल्या होत्या. मी दिलं नाही. चौकातली टपालपेटी किती दिवसांत पाहिली नाही. चालत जाऊन स्वतः टाकतोय.

मामा